ठशांची संध्याकाळ: जलरंगातली कार्डं आणि कोर्झेत्तीचं जेवण

जलरंगात कार्डं करायला बसलं की निम्मा वेळ रंग वाळायची वाट बघण्यात जातो. हातचा पास्ता करायला घेतला तरी तेच. गोळा मळून झाला की त्याला अर्धा तास निवांत ठेवावं लागतं, आणि आपण ओट्याशी उगीच भांडी हलवत राहतो. मी या दोन रिकाम्या वेळा एकमेकींत बसवून टाकल्यात. गोळा मुरतो तेव्हा कागदावर ठसे, कागद वाळतो तेव्हा पिठावर ठसे. दुपारी चारला सुरुवात केली तर आठच्या सुमारास चार माणसं जेवायला बसतात, आणि उठताना प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड असतं.

हो, पिठावरही ठसेच. इटलीच्या वायव्येला लिगूरिया नावाचा प्रांत आहे, जेनोवा हे त्याचं मुख्य शहर. तिथे कोर्झेत्ती नावाचा पास्ता करतात: पाच-सहा सेंटिमीटर रुंदीच्या गोल चकत्या, दोन्ही बाजूंनी नक्षीच्या लाकडी ठशात दाबलेल्या. एके काळी तिथली सरदार घराणी आपलं कुलचिन्ह कोरून घ्यायची आणि पाहुण्यांच्या ताटात ते वाढायची. मिरवण्याची ती तऱ्हा होतीच, पण नक्षीचा उपयोगही आहे. खाचांमध्ये सॉस धरून राहतो, गुळगुळीत चकतीवरून तो घसरून जातो.

ठशांशी माझं नातं जुनं आहे. नोकरीची सगळी वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. दिवसभर तारखेचा शिक्का, आवक क्रमांक, ‘तातडीचे’. त्या कामाने हातात एक गोष्ट पक्की बसली. ठसा खराब उठला की लोक ठशाला दोष देतात, पण बहुतेक वेळा घोळ ओलाव्याचा असतो. गादीला शाई जास्त, नाहीतर कागद दमट. कार्ड आणि कोर्झेत्ती एकत्र करायला लागल्यापासून तर मला दुसरं काही सांगावंसंच वाटत नाही. शाईला कोरडा कागद लागतो, जलरंगाला ओला, आणि पिठाला या दोन्हींच्या मधलं काहीतरी. ते मधलं ओळखता आलं की बाकी सगळं जमतं.

आधी गोळा

कागद-रंग अजून कपाटातच राहू द्या. शाईने माखलेली बोटं घासून पिठात घालण्यापेक्षा पिठाचे हात धुऊन शाईकडे गेलेलं केव्हाही बरं.

चार जणांसाठी ४०० ग्रॅम मैदा घ्या. तराजूवर वाटी ठेवून त्यात २ अंडी फोडा आणि काटा २०० ग्रॅमवर येईल इतकं पाणी त्यातच घाला. अंडी लहान-मोठी असतात, म्हणून ‘पाणी पाव वाटी’ असलं मोजमाप इथे कामाचं नाही. २०० चा आकडा धरून चाला. चिमूटभर मीठ घाला. लिगूरियात कोणी कोणी थोड्या पाण्याऐवजी पांढरी वाइन घालतात, ते ज्याच्या त्याच्या आवडीवर. अंडी चालत नसतील तर निम्मा मैदा आणि निम्मा ड्युरम गव्हाचा अगदी बारीक रवा घ्या, आणि २०० ग्रॅम कोमट पाणी. बिनअंड्याचा पास्ता म्हणजे तडजोड असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. दक्षिण इटलीत हाताने वळलेला बराचसा पास्ता नुसत्या रव्या-पाण्याचाच असतो.

ओट्यावर मैद्याचं आळं करा, मध्ये अंड्याचं पाणी ओता आणि काट्याने कडेचं पीठ थोडं थोडं आत ओढत जा. सगळं गोळा झालं की हाताने मळायला घ्या. पहिली दोन-तीन मिनिटं तो इतका कोरडा आणि भेगाळ वाटतो की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. तो आवरा. पिठाच्या कणांच्या आत पाणी शिरायला वेळ लागतो, वरून कोरडं दिसतं म्हणजे पाणी कमी पडलं असं नाही. तळहाताच्या टाचेने पुढे रेटा, दुमडा, थोडा फिरवा, पुन्हा रेटा. आठ-दहा मिनिटांनी गोळा गुळगुळीत होतो, कानाच्या पाळीइतका मऊ लागतो, आणि बोट दाबलं तर खळगा हळूहळू वर येतो. एवढं मळूनही भेगा राहिल्याच तर हात ओले करून एकदा मळा. थेट पाणी ओतू नका.

मळताना पिठातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाण्याने एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची ताणलेली जाळी तयार होते. आत्ता लाटायला गेलात तर पारी मागे मागे आखडते. म्हणून गोळ्यावर पातेलं उपडं घाला आणि अर्धा तास विसरा. तासभर झाला तरी बिघडत नाही.

हात धुवा, नखांतलं पीठ काढा, आणि दुसऱ्या टेबलाकडे चला. दुसऱ्याच. रंगांमध्ये कॅडमियम, कोबाल्ट यांसारखे धातू असू शकतात, तेव्हा कुंचला तोंडात धरायचा नाही, रंगाचं पाणी प्यायच्या पेल्यात घ्यायचं नाही, आणि स्वयंपाकाच्या वाट्या रंगाच्या टेबलावर आणायच्या नाहीत.

कागद आणि शाई

जलरंगाचा कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घ्या. त्याहून हलका कागद पाणी लागताच लाटांसारखा उठतो. दुकानात ‘कोल्ड प्रेस’ आणि ‘हॉट प्रेस’ असे दोन प्रकार मिळतात. कोल्ड प्रेसला खडबडीत पोत असतो, रंगाला तो छान, पण ठशाची बारीक रेघ त्यावर तुटते. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, रेघ सलग उठते, मात्र रंग त्यावर जरा लवकर आटतो. पाना-फुलांच्या बारीक रेषांचा ठसा असेल तर मी हॉट प्रेस घेते. जाड, ठसठशीत ठसा असेल तर कोल्ड प्रेस, आणि रेघ थोडी तुटली तर तुटू देते.

कार्डाचं मोजमाप सोपं आहे. ए-४ आकाराचं जाड कार्डशीट आडवं मधोमध कापलं की दोन ए-५ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचं ए-६ कार्ड मिळतं. ते सी-६ पाकिटात, म्हणजे ११४ × १६२ मिलिमीटरमध्ये, नीट बसतं. बहुतेक ए-४ कागदात तंतू लांबीच्या दिशेने जातात, आणि अशा कापणीत घडीही तंतूंच्याच दिशेने पडते, त्यामुळे ती फाटल्यासारखी खरबरीत होत नाही. घडीच्या जागी आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढा, मग दुमडा. कार्डाच्या दर्शनी बाजूवर शेवटी चिकटवायचा जलरंगाच्या कागदाचा तुकडा ९५ × १३८ मिलिमीटर कापा, म्हणजे चारही बाजूंना ५ मिलिमीटर कोरी किनार राहते. ठसे मारून झाले की, रंग भरायच्या आधी, तुकडे कागदी चिकटपट्टीने चारही कडांनी फळीवर बसवा. पट्टी आधी दोन-तीनदा कपड्यावर चिकटवून तिचा चिकटपणा थोडा मारा, नाहीतर काढताना कागदाची साल निघते.

आता शाई. सगळी मेख इथे आहे. ठसा मारून त्यावर पाण्याचा रंग फिरवायचा म्हणजे शाई वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी हवी. कचेरीतल्या जांभळ्या शाईचा इथे काही उपयोग नाही. ओल्या छत्रीचा एक थेंब फायलीवर पडला की अख्खी तारीख निळसर डाग होऊन बसायची, हे मी पुष्कळ पाहिलंय. डाय प्रकारच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या, बऱ्याच शायांचं असंच होतं. पॅडच्या डबीवर ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘आर्काइव्हल’ (वर्षानुवर्षं टिकणारी) लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. त्याच कागदाच्या कपट्यावर ठसा मारा, दहा मिनिटं थांबा आणि ओला कुंचला त्यावरून दोनदा फिरवा. रेघ जागची हलली नाही तरच ती शाई.

ठसा भरताना ठसा गादीवर आपटण्यापेक्षा ठसा उताणा धरून गादी त्यावर हलके हलके थोपटा. शाई फक्त उठावाच्या भागावर बसते, खोलगट भागात उतरत नाही. कागदाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या ठेवा. आमच्या टेबलावर यासाठी रबराचा एक तुकडा कायम असायचा, कारण कडक लाकडावर ठसा मधोमध उठतच नाही. मग ठसा सरळ खाली, दोन्ही तळहातांनी दाब, मनात तीन मोजायचे आणि सरळ वर. पुढे-मागे झुलवायचा नाही. झुलवला की कडा उठतात आणि रेघ दुहेरी होते. पारदर्शक पॉलिमरचा ठसा नवा असेल तर शाई त्यावर थेंब थेंब होऊन बसते. पेन्सिलीचा पांढरा खोडरबर त्यावरून हलक्या हाताने फिरवा, तो तेलकट तकतकीतपणा जातो आणि शाई सारखी पसरते.

माझी भाची दर वेळी घाई करते. दहा मिनिटं व्हायच्या आत कुंचला लावला आणि ओरडली, “मावशी, शाई पसरली!” मी म्हटलं, “मग आता त्याला ढग म्हण आणि वर पक्षी काढ.” तिने काढले, आणि त्या दिवशीचं सगळ्यांत आधी उचललं गेलेलं कार्ड तेच होतं.

रेषेचा छाप आणि वरून हाताने रंग, ही पद्धत कार्डांइतकीच जुनी आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं व्यापारी शुभेच्छाकार्ड काढलं, चित्र जॉन कॉलकॉट हॉर्सली यांचं. तेही असंच, रेषा शिळाछापाच्या आणि रंग हाताने भरलेले.

रेघ काळी नको असेल तर दुसरी एक युक्ती आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते. रंगहीन, चिकट, सावकाश वाळणाऱ्या शाईने ठसा मारा, ओली असतानाच त्यावर पांढरी एम्बॉसिंग पावडर भुरभुरवा, जास्तीची झटकून परत डबीत घाला आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, तापवा. पावडर वितळून उंच, चकचकीत रेघ होते. आता त्यावरून कितीही रंग फिरवा, रेघ पांढरीच राहते आणि रंग तिच्या दोन्ही बाजूंना सरकतो. केस वाळवायच्या यंत्राने हे होत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वारा पावडर उडवून लावतो. ठसा मारायच्या आधी कागदावरून कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी फिरवा, म्हणजे नको तिथे पावडर चिकटत नाही. हात जरासा दमट असला तरी कागदावर बोटांचे ठसे उमटतात, आणि ते पावडरीनेच कळतं.

रंग

तीन रंग पुरे: अल्ट्रामरिन निळा, बर्न्ट सिएना आणि एक पिवळा. निळा-पिवळा मिळून पानाचा हिरवा, त्यात सिएनाचा कण टाकला की जून पानाचा हिरवा. निळा आणि सिएना मिळून फार सुंदर राखाडी होतो, बाटलीतल्या काळ्याची गरज पडत नाही. सिएना हेही इटलीतल्या एका शहराचंच नाव. तिथली पिवळट माती भाजली की लालसर तपकिरी होते, तोच हा रंग. रंग मात्र सगळे एकदम ढवळू नका, तिघे एकत्र आले की चिखल होतो.

पाण्याची दोन भांडी ठेवा, एक कुंचला धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. ठशातलं एक पान निवडा, त्यात फक्त स्वच्छ पाणी भरा आणि कागद डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरून उजेडाकडे बघा. पाण्याचं तळं चमकत असेल तर आत्ता सोडलेला रंग कुठेही वाहत जाईल. तळं मुरून कागदावर मंद, सारखी झिलई उरली की हीच वेळ. कुंचल्याच्या टोकाने पानाच्या देठाशी रंग टेकवा, तो आपोआप टोकाकडे फिकट होत जातो. आपण फक्त बघायचं. झिलई गेली, पण कागद अजून ओलसर आहे, तेव्हा हात लावू नका. त्या वेळी पाण्याचा थेंब पडला की रंग मागे ढकलला जाऊन कातरलेल्या कडांचा डाग पडतो, आणि तो निघत नाही. कागद खरंच वाळलाय का हे बोटाने नाही, हाताच्या उलट्या बाजूने बघा. गार लागला तर आत पाणी आहे.

जलरंग वाळल्यावर फिकटतो, त्यामुळे ओला असताना थोडा भडक वाटेल इतका ठेवा. शेजारशेजारची पानं एकदम भरू नका, एक सोडून एक भरा, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्यात शिरतो. पार्श्वभूमी करायची असेल तर झिलईच्या वेळी जाडं मीठ विरळ पेरा. मिठाचा प्रत्येक खडा आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतो आणि तिथे छोटी फिकट चांदणी उमटते. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाका. या टेबलावरचं मीठ या टेबलावरचंच, ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पहिला हात झाला. आता अर्धा-पाऊण तास याकडे फिरकायचं नाही. पुन्हा हात धुवा.

पिठावरचे ठसे

कोर्झेत्तीचा ठसा दोन तुकड्यांचा असतो. खालचा तुकडा एका बाजूने पोकळ आणि धारेचा, त्याने चकती कापायची. तोच उलटा केला की दुसऱ्या बाजूला नक्षी. वरचा तुकडा मुठीचा, त्याच्या तळाला दुसरी नक्षी. चकती खालच्या नक्षीवर ठेवायची, वरून मूठ दाबायची. लिगूरियातल्या चियावारी भागात हे ठसे अजूनही हाताने कोरतात. असा ठसा हाताशी नसेल तर बिस्किटांचा लाकडी ठसा घ्या, नाहीतर नक्षीदार तळाचा काचेचा पेला. शाईचा ठसा कितीही धुतलेला असला तरी पिठाला लावायचा नाही. उलटही खरं: पास्ता लाटायच्या हातयंत्रातून काही जण छोटी छापचित्रं काढतात, कल्पना झकास आहे, पण ते यंत्र मग कायमचं छपाईचं.

गोळ्याचे चार भाग करा. एक घ्या, बाकीचे झाकलेले राहू द्या, उघड्यावर त्यांना पाच मिनिटांत साय धरते. लाटण्याने २ ते ३ मिलिमीटर जाड पारी लाटा. नेहमीच्या पट्टीच्या पास्त्यापेक्षा ही जाड आहे आणि तशीच हवी. पातळ पारीत दोन्ही बाजूंच्या नक्षीला जागाच उरत नाही, ठसा आरपार जाऊन चकती फाटते.

आता लाटलेली पारी पाच-दहा मिनिटं तशीच उघडी ठेवा, आणि मधून मधून बोट टेकवून बघा. चिकटत असेल तर ठसा पीठ उचलून घेईल आणि नक्षी लाकडात भरून बसेल. बोटाखाली पारी कागदासारखी करकरीत वाटली तर उशीर झाला, कडा तडकतील. बोट सुटं निघतं पण पारी अजून लवते, तेव्हा कापायला घ्या. ठशाच्या दोन्ही नक्षींवर कोरडा मैदा भुरभुरवून झटका. दर चार-पाच चकत्यांनी पुन्हा तेच.

दाबताना कागदावरची सवय विसरावी लागते. तिथे सारखा, बेताचा दाब हवा होता, इथे खांद्यातून वजन टाका. मूठ सरळ खाली, घट्ट दाबा, दाबूनच किंचित थांबा, आणि वर घ्या. झुलवायचं इथेही नाही. चकती ठशातून निघत नसेल तर सुरीने खरवडू नका, ठसा उपडा करून ओट्यावर हलकेच ठोका. चांगल्या चकतीवर बोट फिरवलं तर नक्षीचे काठ लागतात, आणि उजेडात तिरपी धरली तर खाचांत सावली दिसते. सावली दिसत नसेल तर पाण्यात गेल्यावर नक्षी फुगून सपाट होणार, ती मोडून पुन्हा गोळ्यात घाला.

कापून उरलेले तुकडे एकत्र मळून दहा मिनिटं झाका आणि मग लाटा, लगेच लाटलं तर आखडतात. एवढ्या पिठाच्या साधारण ७५ ते ८० चकत्या होतात. एकट्याने करायला कंटाळवाणं आहे हे कबूल. दोघांनी करावं, एकाने कापावं, एकाने दाबावं. झालेल्या चकत्या रवा भुरभुरवलेल्या कापडावर एकेरी पसरा, एकीवर एक ठेवू नका. अर्धा तास हवेवर राहिल्या की नक्षी धरून बसते.

त्या अर्ध्या तासात पुन्हा कार्डं. कागद आता कोरडा आहे. पानांच्या शिरा, फुलाच्या मधला गडद भाग, खालची सावली, एवढंच दुसऱ्या हाताने भरा, आणि या वेळी कोरड्यावर ओला रंग म्हणजे कडा स्पष्ट येतात. दाट रंगात बुडवलेला कुंचला दुसऱ्या कुंचल्याच्या दांडीवर आपटून चार शिंतोडे उडवा. चारच. शिंतोडे उडवताना माणसाला भान राहत नाही. फळी उंच जागी, जेवणापासून लांब ठेवा.

अक्रोडाचा सॉस

याला शिजवायचं काही नाही. १५० ग्रॅम अक्रोड उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, मग स्वच्छ कापडात घेऊन चोळा. साल जितकी निघेल तितकी काढा, कडवटपणा तिच्यात असतो, पण शेवटच्या कणापर्यंत मागे लागू नका. ३० ग्रॅम पावाचा मऊ भाग १०० मिलिलिटर दुधात भिजवा. खलबत्त्यात अर्धी पाकळी लसूण आणि चिमूटभर मीठ कुटा, मग अक्रोड, मग दुधासकट पाव. शेवटी ४० ग्रॅम किसलेलं पार्मेजान चीज, ६० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि मरव्याची चार पानं. मिक्सरमध्ये केलं तरी चालतं, पण थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की गरम होऊन अक्रोड तेल सोडतात आणि सॉस फाटल्यासारखा दिसतो. शाकाहारी पाहुणे असतील तर चीज विचारून घ्या. अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं, वनस्पतिजन्य रेनेटचं कडक चीज वेगळं मिळतं.

मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी उकळा आणि त्यात ४० ग्रॅम मीठ घाला. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हा इटलीतला सोपा हिशोब. चकत्या दोन वेळा करून टाका, एकदा ढवळा म्हणजे तळाला चिकटत नाहीत. वर आल्या म्हणजे शिजल्या असं नाही, आणखी थोडा वेळ लागतो. चार मिनिटांनी एक काढून मधोमध चावून बघा. कच्चं पीठ लागलं नाही आणि दातांना किंचित विरोध झाला की बस. चकत्या किती सुकल्या होत्या त्यावर मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे.

पाणी ओतून देण्याआधी दोन डाव बाजूला काढा. सॉस एका रुंद भांड्यात घ्या, त्यात हे पिठूळ पाणी थोडं थोडं घालून चमच्यावरून ओघळेल इतका सैल करा, आणि झाऱ्याने निथळलेल्या चकत्या त्यात टाका. भांडं आचेवर ठेवू नका, चीजच्या गाठी होतात. हाताने हलकेच घोळवा. पिठूळ पाण्यामुळेच तेल आणि दूध एकत्र धरून राहतं आणि सॉस खाचांत जाऊन बसतो. वरून थोडे भरडलेले अक्रोड, मिरपूड, आणि लगेच वाढा. हा सॉस गार झाला की घट्ट होतो, फोटो काढत बसायला वेळ देत नाही.

जोडणी आणि आवराआवर

कार्डं चिकटवायचं काम जेवणानंतरच करा. मधल्या वेळात कागद आतून वाळतो, आणि ओलसर कागद चिकटवला तर कार्ड दुसऱ्या दिवशी वाकतं. कागदी पट्टी काढताना चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरपी आणि सावकाश ओढा. पट्टी हट्ट करत असेल तर केस वाळवायच्या यंत्राने किंचित ऊब द्या, पण एम्बॉसिंगची रेघ त्या झोतात आणू नका. तुकडा वाकलेला असेल तर त्याच्या मागच्या बाजूला पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा आणि दोन टिपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. तसं केलं तर ते कार्ड त्या दिवशी पाहुण्याला मिळणार नाही, पण पाठवून देता येतं. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. पातळ गोंदाचं पाणी कार्डशीटमध्ये उतरतं आणि इतका वेळ सपाट ठेवलेला कागद पुन्हा फुगतो.

रबराचे आणि पॉलिमरचे ठसे त्याच रात्री ओल्या कापडाने पुसा, वाळलेली पक्की शाई नंतर खाचांतून निघत नाही. लाकडी ठशाला पाणी अजिबात दाखवू नका, लाकूड फुगून नक्षीच्या कडा जातात. कोरड्या, कडक केसांच्या ब्रशने पीठ झाडा आणि हवेशीर जागी ठेवा. नक्षीच्या कोपऱ्यात पीठ अडकून वाळलं असेल तर दातकोरणीने काढा, तेही सकाळी, पीठ पुरतं कडक झाल्यावर.

उरलेल्या कच्च्या चकत्या ताटात एकेरी मांडून फ्रीजरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. वापरताना बर्फ वितळू द्यायचा नाही, थेट उकळत्या पाण्यात टाकायच्या. मिनिटभर जास्त लागतं, नक्षी तशीच राहते.